लोलकाने दाखवलेली आई

नवजात कक्षाच्या काचेबाहेर इतकी गर्दी होती, की मला औषधांचा ट्रे डोक्यावर धरून आत शिरावं लागलं. आठवड्यात पाच बाळांना सर्दी होऊन छाती भरली होती. दोघं ऑक्सिजनवर होती. आणि ही साथ कोणामुळे आली ते शोधायला बाहेर एका बाळाच्या मामांनी लोलकमहाराज आणले होते.

"यात ब्रह्मांडाची कंपनं आहेत," महाराज दोऱ्याला टांगलेला स्फटिक काचेसमोर नाचवत म्हणाले. "हा कधी खोटं बोलत नाही."

तो बोलतच नव्हता, तेव्हा प्रश्नच मिटला.

स्फटिक तिसऱ्या पाळण्यासमोर गरगरला. त्या बाळाची आई शिवणकाम करणारी, एकटीच आलेली. "हिचाच पायगुण," कुणीतरी पुटपुटलं. दुपारपर्यंत तिच्या बाकावर कुणी बसेना.

"सिस्टर, बाळाला घरी नेऊ का?" तिने मला विचारलं. "माझ्यामुळे बाकीच्यांना त्रास नको."

तिचं बाळ ऑक्सिजनवर होतं.

प्रयोगशाळेच्या मॅडमनी बाळांच्या आणि आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने नेले. चार दिवसांनी त्या कागद घेऊन आल्या. आधी त्यांनी अजून तिथेच तळ ठोकून असलेल्या महाराजांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना दोनदा गोल फिरवलं. "आता दाखवा."

लोलक जोरात गरगरला. समोर हात धुण्याचं बेसिन होतं.

"कोणाबद्दल कुजबुज चाललीय ते मीच त्यांना आधी सांगितलं होतं," मामा ओशाळून म्हणाले. बाकीचं काम महाराजांच्या बोटांनी केलं होतं.

"विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांसारखं. पुढचा मागच्याच्या चुका उतरवतो, वर स्वतःची एखादी घालतो. त्यावरून कोणी कोणाची वही पाहिली ते कळतं. तिसऱ्या पाळण्यात सगळ्यांच्या चुका सापडल्या, वर दोन नव्या. आजाराच्या तारखाही तेच सांगतात. या बाळाला लागण सर्वांत शेवटी झाली."

"मग पहिली वही कोणाची?" मी ऐटीत विचारलं.

"आत जाऊन बोलू, सिस्टर."

"इथेच सांगा की."

मॅडमनी चष्मा काढला. "तुमची."

मला माझ्या शिंका आठवल्या. धुळीची ॲलर्जी असेल म्हणून मी तीन दिवस बिनामास्क बाळांना दूध पाजलं होतं. आणि वर महाराजांना हसत होते.

मी त्या आईशेजारी जाऊन बसले. "चूक माझी होती. तुझी नव्हती."

तिने समोरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "हे त्यांनाही मोठ्याने सांगा."

मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं.

पंधरा दिवसांत पाचही बाळं घरी गेली. आता साधी सर्दी झाली तरी आम्ही कक्षात पाऊल टाकत नाही. तुम्हालाही एवढंच सांगते: कुणाच्या पायगुणावर खापर फोडण्याआधी तपासून घ्या, आणि तपासात तुमचं नाव निघालं तर तेही कबूल करा.