तिच्या वाटणीचा चमचा

अगदी उत्तर टोकाच्या वार्दो गावातल्या आमच्या घरात सकाळची सुरुवात माशाच्या तेलाने व्हायची. नोव्हेंबरात गेलेला सूर्य जानेवारीतच परततो, म्हणून कॉड माशाचं तेल: एक चमचा आईला, एक बाबांना. आई गेल्यावरही बाबा दोन्ही चमचे भरत. "तिचाही मीच घेतो," ते म्हणाले होते, "नाहीतर वरून ओरडेल."

पुढे त्यांना त्या तेलाचा वास नकोसा झाला. मी बर्गनहून बिनवासाच्या व्हिटॅमिन डीच्या दोन मोठ्या बाटल्या पाठवल्या. त्या परदेशातून मागवलेल्या होत्या, लेबल जर्मन भाषेत. रोज एक थेंब, असं त्यावर लिहिलेलं मी वाचलं होतं. फोनवर मात्र एवढंच म्हटलं, "आता तेलाऐवजी हे घ्या."

महिन्याभरात बाबांना फार तहान लागायला लागली. "समुद्र तेवढा प्यायचा राहिलाय," ते म्हणाले. जेवण जाईना, पोट साफ होईना. एकदा किटली कपाटात ठेवून दिवसभर शोधत बसले. दुःखाने माणूस असा होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

"औषध घेताय ना, बाबा?"

"चमचा चाटूनपुसून."

"शाब्बास," मी म्हटलं.

डिसेंबरात शेजारच्या आस्ब्यर्ग काकूंनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचले तोवर रक्तात कॅल्शियम भरमसाट वाढलं होतं आणि मूत्रपिंडं थकली होती. ते रोज काय घेतात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं वर केली.

"एक तिचा," ते पुटपुटले.

फ्रिजच्या दारातली बाटली चमच्यानेच घ्यायची असते, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती.

अकराव्या दिवशी ते गेले. वय झालं होतं, असंच गावात सगळे म्हणत राहिले. मीही मान हलवत राहिले.

दफन उरकल्यावर काकू आमच्या ओट्याशी कप विसळत होत्या. हात पुसून त्यांनी फ्रिज उघडला.

"तोरुन्न, ही दुसरी बाटली नेऊ का गं? सीलही फोडलेलं नाही. तुझा बाबा हॉलवार्ड म्हणायचा, पोरगी लांब राहते पण काळजी घेते."

हो म्हणून टाकलं असतं तर कुणालाच काही कळलं नसतं. मी खुर्ची ओढून बसले.

"नका नेऊ, काकू. बाबा याच्यानेच गेले. थेंब घ्यायचा होता, चमचा नव्हे. मी त्यांना सांगितलंच नाही."

काकूंनी बाटली ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात जाताना त्याने मला पहिल्या बाटलीतलं थोडं मुरंब्याच्या बरणीत ओतून दिलं होतं. माझ्या गुडघ्यांसाठी."

"किती घेता?"

"त्याने सांगितलं तेवढंच. एक चमचा."

त्या बोलता बोलता पाण्याचा तिसरा पेला भरत होत्या. मी फोन उचलला. दवाखान्याचा नंबर आता पाठ झाला होता.