फलकाची ऊब

पृथ्वीला वाचवण्याची जबाबदारी आता आपल्यावर येऊन पडली आहे, असा ठराव आमच्या विमा कंपनीच्या ऊर्जा बचत समितीने पहिल्याच सभेत एकमताने मंजूर केला. एकमत होणे भागच होते. सभागृहातला एसी असा काही चालला होता की विरोधासाठी खिशातून हात बाहेर काढायला कोणी धजेना.

या गारठ्याचे मूळ होते साहेबांचा कोट. आमच्या मुख्य साहेबांना कोटाशिवाय आपण साहेब आहोत असे वाटत नाही, आणि कोटात घाम येतो. त्यामुळे सबंध मजल्याचा गारवा त्यांच्या एकट्याच्या मापाने बेतलेला. बाकीच्यांनी तो निमूट अंगावर घ्यायचा.

दावे विभागाच्या ताई त्यांच्या विभागाच्या प्रमुख, पण त्यांचे टेबल नेमके एसीच्या जाळीखाली. वारा थेट उजव्या खांद्यावर. वर्षभरात खांदा आखडला, हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावले होते की थंडीपासून जपा, नाहीतर हात आहे तिथेच राहील. रोज सकाळी त्यांची लेक त्यांची वेणी घालून द्यायची आणि वर ऐकवायची, "लहानपणी माझे केस ओढायचीस ना? आता बस गुपचूप." दोघी हसायच्या. पण नोकरीसाठी लेक लवकरच दुसऱ्या शहरी निघाली होती. घरात तिसरे माणूस नव्हते. ती जाण्याआधी स्वतःची वेणी स्वतःला घालता यावी, एवढीच ताईंची जगाकडून अपेक्षा होती.

त्यांनी टेबल हलवून मागितले, तर टेबलांचा नकाशा मंजूर झालेला होता. जाळी बंद करून मागितली, तर हवेचा समतोल बिघडणार होता. शेवटी त्यांनी घरून एक छोटा हीटर आणून टेबलाखाली ठेवला. म्हणजे छतावर एक यंत्र हवा गार करायला वीज खात होते आणि टेबलाखाली दुसरे तीच हवा पुन्हा गरम करायला. समिती स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर. सचिव म्हणून नेमणूक झाली प्रशासनाच्या व्यवस्थापकांची. त्याच संध्याकाळी ऑफिसने त्यांचे बारसे केले: ऊर्जामंत्री.

ऊर्जामंत्र्यांनी पहिल्या आठवड्यातच हीटर जप्त केला. मग ते थर्मोस्टॅटकडे वळले. मजला किती गरम आहे ते पाहून छतावरच्या यंत्राला हुकूम सोडणारी ही भिंतीवरची डबी. तिचा आकडा त्यांनी वाढवून चोवीसवर आणला आणि तिच्यावर पारदर्शक पेटी बसवून कुलूप ठोकले. साहेबांनी सर्वांदेखत कोट उतरवला, त्या त्यागाचे फोटो निघाले. आणि पेटीच्या लगेच खाली, लोकांची नजर तिथेच जाते म्हणून, एक प्रकाशमान फलक लावला: वीज वाचवा. आत जुने पिवळे बल्ब. भांडारात तेच पडून होते. समितीने इथेही काटकसर केली होती.

दुसऱ्या दिवसापासून मजला पूर्वीपेक्षा जास्त गारठला. साहेबांनी कोट पुन्हा चढवला, आणि चोवीसवरही कोट घालता येतो हे पाहून ते समितीवर बेहद्द खूश झाले.

महिनाअखेर विजेचे बिल वाढलेले निघाले. ऊर्जामंत्र्यांनी परिपत्रक काढून दोष वाटून दिला: मोबाइलचे चार्जर, उघडे राहणारे दार, टेबलावर आणला जाणारा गरम चहा. एसीवाल्याला बोलावले. तो थेट छतावर गेला आणि खाली येऊन म्हणाला की मशीन बिचारे जीव तोडून काम करतेय, तक्रारीला जागा नाही. ताईंनी भिंतीवरची डबी बघायला सांगितली, तर भिंत त्याच्या करारात नव्हती. डबी वायरमनची, पेटी सुताराची, फलक प्रचार विभागाचा. तिघांनी मिळून एक भिंत वाटून घेतली होती आणि त्यात ती कोणाचीच उरली नव्हती.

ताई मात्र जेवणाच्या सुट्टीत त्या भिंतीशीच उभ्या राहू लागल्या. सबंध मजल्यावर ऊब होती ती फलकाला. दुखरा खांदा त्याला टेकवून त्या डोळे मिटायच्या. फलकाला इतके मनावर घेणारी कंपनीत एवढी एकच बाई, अशी थट्टा व्हायची.

एक दिवस त्यांनी डोळे उघडले आणि नजर वर पेटीवर गेली. आतल्या डबीने मोजलेला आकडा होता अठ्ठावीस. नाकाचा शेंडा बधिर, बोटे निळी, आणि आकडा अठ्ठावीस. त्यांनी पेटीला हात लावला. नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखी गरम. बल्बांची धग पेटीत कोंडत होती, आतल्या डबीला वाटत होते मजला पेटलाय, आणि ती छतावरच्या यंत्राला जुंपून ठेवत होती. शेक देणारा फलकच, खांदा धरायला लावणाराही फलकच.

त्या तडक ऊर्जामंत्र्यांकडे गेल्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ताई, हीटर गेल्याचा राग तुम्ही फलकावर काढताय. त्याचं उद्घाटन साहेबांच्या हातचं आहे."

ताई भिंतीशी परतल्या, खाली वाकल्या आणि डाव्या हाताने फलकाचा प्लग उपसला. भर दुपारी, सगळ्यांसमोर. फलक विझलेला कोणाच्या ध्यानातच आला नाही, कारण तो कोणी वाचतच नव्हते.

संध्याकाळपर्यंत मजला माणसात आला. पुढच्या महिन्यात विजेचे बिल घसरले. ताईंचा हात कानाच्या वर बोटभर सरकला, आणि लेकीने निम्मी वेणी त्यांच्यावर सोपवली.

मग सभा भरली. साहेबांनी वीज वाचल्याचे श्रेय फलकाला दिले. ताई उठल्या. डाव्या हातात त्यांनी पुराव्यादाखल फलकातला बल्ब आणला होता.

"साहेब, वीज वाचली ती फलक बंद होता म्हणून. मीच बंद केला. चालू होता तेव्हा तो तुमची डबी भाजत होता आणि डबी आम्हाला गोठवत होती. माझा हात वर जात नाही. माझी मुलगी माझी वेणी घालते. यातलं काही तुमच्या अहवालात आहे का?"

साहेबांनी बराच विचार केला.

"म्हणजे फलकाचीही वीज वाचली," ते म्हणाले. "उत्तम."

लगेच ऊर्जामंत्र्यांनी ठराव मांडला की अशा यशस्वी फलकाचा लाभ प्रत्येक मजल्याला मिळावा, जागा तीच, थर्मोस्टॅटखाली. फोटोसाठी इथला फलकही उद्या चालू करावा. विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत.

ताईंनी उजवा हात उचलला. तो कानाच्या जरा वर गेला आणि थांबला. ऊर्जामंत्र्यांनी चष्म्यावरून पाहिले, त्या केस सावरत असाव्यात असे ठरवले आणि लिहिले: एकमताने मंजूर.

लेक रविवारी गेली. सोमवारी ताई केस खांद्यापर्यंत कापून आल्या आणि आपला हीटर परत मागायला ऊर्जामंत्र्यांच्या खोलीत गेल्या. तो मंत्र्यांच्याच टेबलाखाली चालू होता.