अल नहदातली फुगडी

"तिकीट काढतो आन् तुला गावाला धाडतो!"

उल्हासचा आवाज भिंतीतून आमच्या स्वयंपाकघरात आला आणि माझी पोळी तव्यावरच करपली.

"काढा की! पर त्यानं वाट आडवायची आन् गावाला म्या जायाचं? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हय? घरात बसाया म्या काय खुडूक कोंबडी हाय?"

ही अनुराधा, आमची शेजारीण. ती शिराळ्याकडची, मी कराडची, त्यामुळं शारजात अल नहदा भागातल्या त्या टॉवरमध्ये आम्ही एका माहेरच्याच झालो होतो. साल दोन हजार एक. तिचा नवरा उल्हास दुबईत फोरमन. पहाटे निघायचा आणि ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उकडून रात्री परत यायचा. चौथ्या मजल्यावरच्या एका बाप्यानं ही एकटी असते हे बरोबर हेरलं. अंगावर बाटलीभर अत्तर ओतून लिफ्टच्या दारात उभा राहायचा आणि "अकेली जा रही हो, भाभी?" म्हणत अंगाला अंग घासायचा. आम्ही त्याला अत्तऱ्या म्हणायचो. उल्हासला नोकरीची भीती, व्हिसाची भीती. म्हणून त्यानं बायकोलाच खाली उतरायची बंदी केली, आणि ऐकलं नाही तर गावाला रवानगी. मला त्याचा असा राग आला होता की विचारू नका.

"खाली नगं तर नगं," अनुराधा मला म्हणाली. "हेमाक्का, वर चला. गच्चीला कोन आडवतंय? आन् जिना चढतानाचा तुमचा दम बगा की, भात्यागत!"

ऑगस्टचा उकाडा, हवा अंगाला ओल्या गोधडीसारखी चिकटायची. पाण्याच्या टाक्यांमागची वाळू तिनं झाडून काढली. आमच्याच टॉवरमधली, वसईची जोसेफिन पण आली. हॉटेलात दिवसभर उभं राहून तिची कंबर गेली होती. तिची व्यायामाची कॅसेट आणून झाली होती, ती कपाटावर धूळ खात होती.

अनुराधानं आम्हाला फुगडीला जुंपलं. आमच्याकडं पंचमीला पोरी घालतात ती.

"टाचा रोवा. वजन मागं टाका. दम नाकानं. आन् काय बी झालं तरी हात सोडायचा न्हाय. सोडला की समोरची धाडकन भुईवर!"

माझं रंगीत थंड पेय तिनं बंद केलं, लबान, म्हणजे तिकडचं ताक, प्यायला लावलं. नुसतं अंग हलवून भागत नाही, पोट आणि झोप पण ताळ्यावर पाहिजे, असं तिचं म्हणणं. माझी दिया म्हणाली, "आई, प्लीज, इट्स सो एम्बॅरेसिंग!" म्हणू दे. जोसेफिनची कंबर सैल झाली, मला गाढ झोप लागायला लागली, आणि अनुराधाची मान पुन्हा ताठ झाली.

गुरुवारी संध्याकाळी तीच म्हणाली, "चला, बंदी बिंदी खलास. भाजी आनू."

परत येताना ती पुढं, आम्ही दोघी मागं. लिफ्टपाशी अत्तऱ्यानं तिचं मनगट धरलं. "भाभी, थैला भारी है, लाओ."

अनुराधानं हात ओढला नाही. पिशवी खाली टाकली, त्याचा दुसरा हात पकडला, टाचा रोवल्या, वजन मागं टाकलं आणि गरागरा फिरवला गड्याला! त्याला वाटलं असेल काय, देव जाणे. तोंड उघडं पडलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला तिनं हात सोडले. तो थेट पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात जाऊन पडला. वॉचमन हसू दाबायला भिंतीकडं वळला. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि मी पिटल्या.

शुक्रवारी सुट्टी, उल्हास घरी. घाबराघुबरा. "अगं, त्यानं कंप्लेंट केली तर?"

"करू दे की. बाईनं फुगडीत पाडलं म्हनून लिवून दे म्हनावं."

तेवढ्यात बेल वाजली. मी पण दार उघडून बाहेर आले. अत्तऱ्या लंगडत आला होता, संगं दोन दांडगे दोस्त.

"अपनी बीवी को बोलो, माफी माँगे. अभी!"

उल्हास दाराआड सरकला. अनुराधा पदराला हात पुसत पुढं झाली.

"माँगती ना. हमारे में हाथ पकडके माफी माँगते. दो हाथ."

अत्तऱ्याचे हात मागं गेले. दोस्तांनी आपले खिशात घातले.

"दो ना!" ती एक पाऊल पुढं सरकली, ते तिघं दोन पावलं मागं. उल्हास बघत राहिला, आणि त्याच्या पोटातून हसू फुटलं.

"अरे, दे दो ना भाई," तो म्हणाला. "हाथ ही तो माँग रही है!"

तिघंही लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेले.

जिना शांत झाला. उल्हास खाकरला. "अनू, दूध संपलंय न्हवं? जा, खालनं घिऊन ये."

"एकली?"

"व्हय, एकलीच. आन् लवकर ये. त्ये परत आलं, तर घरात म्या एकटाच हाय."