खात्रीकाकांची पोच

ईमेल चालू आहे की बंद, हे बघायची त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. बाहेरच्या कुणाला सांगितली तर तो हसला असता. मेलेल्या माणसाला पत्र पाठवायचं.

हा मेलेला माणूस म्हणजे खात्रीकाका. पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासता तपासता त्यांचे केस पिकले, पण ईमेलवर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. अहवाल पाठवला की लगेच फोन उचलायचे. "पोहोचलं का?" समोरचा हो म्हणाला तरी भागायचं नाही, त्याच्याकडून आकडे वाचून घ्यायचे. संध्याकाळी निघणाऱ्यालाही सोडायचे नाहीत. घरी पोहोचल्यावर एक फोन करा, म्हणायचे. लोक वैतागायचे आणि फोन करायचे. शेवटी टायपिस्टनं थट्टा म्हणून काकांना शेजारी बसवलं आणि त्यांच्या खात्यात सोय करून ठेवली, की पत्र आलं रे आलं, आपोआप उलट उत्तर जाईल: पोहोचलं. काका गेले, ती सोय राहिली. तेव्हापासून ईमेल रुसलं की कुणीतरी म्हणायचं, "काकांना विचारा."

काका गेले ते वाटेतच. घरी निघाले, बसथांब्यावर छाती धरून बसले आणि पुन्हा उठले नाहीत. एकटे राहायचे, त्यामुळे ते घरी पोहोचले की नाही हे फोन करून विचारायचं काम त्यांच्या हाताखाली नमुने तपासणाऱ्या धाकट्या बाईंनी आपणहून घेतलं होतं. त्या संध्याकाळी त्या विसरल्या. दीड वर्ष झालं, ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, बैठकीला गेल्या होत्या, म्हणून टेकडीवरच्या नव्या विहिरीचा अहवाल धाकट्या बाईंच्या हाती आला. नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाचं अंग निळं पडतं. पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटेल तसं जास्तच वाईट. आणि त्या विहिरीचं पाणी टेकडीवरच्या वस्तीला दुपारी बारा वाजता सुटणार होतं. बाईंची बहीण तिथंच राहायची. तिचं दोन महिन्यांचं बाळ वरच्या दुधावर होतं, पावडर आणि उकळलेलं पाणी.

दहा वाजता बाईंनी पंपघराला अहवाल पाठवला. वर ठळक अक्षरात लिहिलं, पाणी सोडू नका. पडद्यावरचं चक्र बराच वेळ फिरलं आणि मग पत्र 'पाठवलेली'मध्ये जाऊन बसलं. पण सकाळपासून एकही पत्र आलेलं नव्हतं, हे त्यांना खटकलं. सेवा देणाऱ्या कंपनीचं पान उघडून बघितलं. तिथं सगळे दिवे हिरवेगार.

"माझ्याकडेही शुकशुकाट आहे," टायपिस्ट म्हणाली. "काकांना विचारा ना."

बाईंनी एका ओळीचं पत्र टाकलं. एरवी उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. आज चार मिनिटं लागली, म्हाताऱ्या माणसानं चष्मा शोधावा तेवढी. मग आलं. पोहोचलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. फोनवर गेलेला हात त्यांनी मागे घेतला. पंपवाला आधीच म्हणायचा, तुमचे काका गेल्यापासून माझ्या कानाला विश्रांती आहे. उगाच कशाला त्याच्या शिव्या खा? त्या पुढच्या नमुन्याला लागल्या.

अकरा चाळीसला काकांचं पत्र आलं. न विचारता.

'तुझं मला पोहोचलं. पंपघराला नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि तणतणत टायपिस्टपाशी गेल्या. "ही काय थट्टा आहे? काकांच्या नावानं?"

"मी कशाला करू?" तिचा चेहरा पडला. "आणि कशी करणार? पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला होता, मला मान वळवायला लावून."

बाई परत आल्या तर दुसरं येऊन पडलं होतं. 'पोरी, फोन कर.'

'पोरी' असं त्यांना एकटे काकाच म्हणायचे, तेही खोलीत दुसरं कुणी नसताना. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पंपघराचा नंबर दोनदा चुकला.

"कसला अहवाल?" पंपवाला म्हणाला. "इथं काही आलेलं नाही. म्हटलं, काही आलं नाही म्हणजे ठीकच असेल. झडपेकडेच निघालो होतो."

"सोडू नका. नायट्रेट तिप्पट आहे. आकडे सांगते, लिहून घ्या. आणि मला परत वाचून दाखवा."

त्यानं कुरकुर न करता लिहिलं, वाचलं. मग म्हणाला, "बाई, अगदी काकांसारखं केलंत."

नंतर बहिणीला फोन झाला. बाळ झोपलं होतं. "तुझा आवाज असा का येतोय?" बहिणीनं विचारलं. बाईंना रडूच आलं.

दुपारी कॉम्प्युटरवाला आला. सगळं तपासून म्हणाला, सेवा सकाळी नऊपासून ठप्प आहे, सगळीकडे. ते हिरवे दिवे कालचेच आहेत, कंपनीनं पान बदललेलंच नाही. नऊनंतर इथून काही बाहेर गेलं नाही की बाहेरून काही आत आलं नाही.

"मग हे?" बाईंनी काकांची तिन्ही उत्तरं दाखवली.

तो खुर्चीत पुढे सरकला. "हे खातं जागा मोकळी करताना मी पुसलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन महिने झाले."

"गेल्या आठवड्यात आम्ही विचारलं होतं. तेव्हाही उत्तर आलं."

त्यानं पिशवी भरली. एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस, आज नको म्हणाला आणि जिना उतरून गेला.

पाच वाजले. टायपिस्ट कधीच निघून गेली होती. कंपनीनं आता कुठं लाल दिवा लावला होता. बाईंनी दिवे मालवले, पर्स उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. भीती होतीच, पण तिच्याहून जुनं काहीतरी दीड वर्ष घशात अडकून होतं. त्या उभ्यानंच टाइप करू लागल्या.

'काका, झडप बंद आहे. बाळ बरं आहे. त्या दिवशी विचारायचं राहिलं. तुम्ही नीट पोहोचलात ना?'

चक्र फिरत राहिलं. बाई अंधारात उभ्या राहिल्या. एक मिनिट, दोन, तीन. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं.

'केव्हाच. तू नीघ आता. घरी गेलीस की कळव.'