पंचवीस बादल्या

"गाडीला किती बादल्या लागत्यात?" दगडोबानं विहिरीच्या कट्ट्यावरून विचारलं.

"पंचवीस," मच्छिंद्र म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. दीड बादलीत अँबॅसिडर धुणारा माणूस तो. तालुक्याच्या सहकारी संघाचा तो ड्रायव्हर, आणि ऑफिसात त्याचं त्यासाठी नाव होतं. उमरग्यापासून नळदुर्गापर्यंतचे ड्रायव्हर त्याची गाडी बघून म्हणायचे, कुठल्या नदीत बुडवून आणली रे. आणि आज तोंडातून पंचवीस गेलं. का गेलं, ते त्याचं त्यालाच कळेना.

दगडोबा हा संघाचे चेअरमन तात्याराव यांचा सालगडी. पन्नाशीचा, वाळलेला. त्यानं गाडीकडे पाहिलं, मग विहिरीत पाहिलं. पाणी इतकं खाली गेलं होतं की वरून नुसता एक चकाकता ठिपका दिसायचा. इंजिनाचा पाईप पोचत नव्हता म्हणून रहाट पुन्हा बसवला होता.

"पंचवीस," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं पोहरा सोडला.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल चालला होता. संघाच्या आवारातली टाकी महिनाभर कोरडी होती. उद्या मुंबईहून पाहुणे दुष्काळी कामं बघायला येणार होते, आणि त्यांना घ्यायला संघाची गाडी हायवेला उभी करायची होती. मॅनेजर शांतलिंग साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "मच्छिंद्र, गाडी आरशासारखी पाहिजे. तात्यारावांच्या चिंचखडीच्या विहिरीला पाणी आहे, तिथं धुऊ."

"साहेब, येताना परत पाच मैल धूळच हाय," मच्छिंद्र म्हणाला होता.

"सांगितलं तेवढं कर."

तर साहेब आता तात्यारावांच्या ओसरीवर जेवायला बसले होते आणि गाडी विहिरीजवळच्या लिंबाखाली उभी होती. गाडीच्या पलीकडे, काट्याच्या कुंपणाला लागून पाच बायका प्रत्येकी पाच-सहा घागरी-कळश्या घेऊन बसल्या होत्या. बौद्ध वस्तीतल्या. त्यांनी कट्ट्यावर चढायचं नाही, पोहऱ्याला हात लावायचा नाही. दगडोबाला किंवा घरातल्या कुणाला सवड झाली की तो वरून ओतणार, तेवढं घ्यायचं. सकाळी आठपासून त्या बसल्या होत्या. आता ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांच्यातली कडेची, डोक्यावर हिरवट पदर घेतलेली, सरुबाई. मच्छिंद्रची थोरली बहीण. याच गावात दिलेली.

गाडी येऊन थांबली तेव्हा सरुबाईनं भावाला पाहिलं होतं. उठली नव्हती, हाकही मारली नव्हती. तेवढ्यात दगडोबा त्या बायकांना म्हणाला होता, "जरा दम काढा. गाडी हू द्या मग तुमचं बघू." आणि त्यानंतर वळून त्यानं मच्छिंद्रला विचारलं होतं, किती बादल्या.

पहिली बादली भरली. मच्छिंद्रनं ती कट्ट्याच्या खालूनच उचलली. दगडोबानं वरून ओतायचं, यानं खाली झेलायचं. पगार संघाचा, टोपी संघाची, पण इथं तोही खालीच. त्याला त्याची सवय होती, आणि सवय आहे याचंच आज काहीतरी वेगळं वाटत होतं.

त्यानं आधी बॉनेटवर तळहात ठेवला. तापलं होतं. तापल्या पत्र्यावर पाणी पडलं की डाग धरतं, आणि या भागातलं खारं पाणी तर पांढरे ठिपकेच सोडतं. म्हणून त्यानं टपापासून सुरुवात केली. नळदुर्गाचे कासिम उस्ताद, ज्यांनी त्याला स्टिअरिंग धरायला शिकवलं, त्यांचं पहिलं शिकवणं गाडी धुण्याचं होतं. "पैले धूल को भिगा, बाद में हात लगा." कोरड्या धुळीवर फडकं फिरवणारा ड्रायव्हर त्यांना खपत नसे. धुळीतले बारीक खडे रंगावर चरे ओढतात, आणि ते चरे नंतर कुठल्याही पाण्यानं जात नाहीत. मच्छिंद्रनं ओंजळीनं टपावर पाणी शिंपडलं. अर्धी बादलीसुद्धा नाही. धूळ आधी गडद झाली, मग ओघळली. ओलं फडकं त्यानं टपावर नुसतं ठेवलं आणि स्वतःकडे ओढलं. दाबलं नाही. फडक्याची एक बाजू मळली की दुसरी, मग घडी उलटून तिसरी, चौथी. मगच पिळायचं, तेही निराळ्या डब्यात. एका डब्यात धुवायचं पाणी, दुसऱ्यात फडक्याचं. ही दोन पाणी एकत्र झाली की गाडी धुतली जात नाही, नुसती सारवली जाते.

"दुसरी भरली," दगडोबा म्हणाला.

मच्छिंद्रनं दुसरी बादली उचलली, गाडीला वळसा घातला आणि पलीकडच्या बाजूला, घराकडून दिसणार नाही अशा बेतानं चाकाजवळ ठेवली. कुंपण तिथून दोन हातांवर होतं. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "आक्का, घागर."

सरुबाईनं घागर मांडीशी ओढून धरली.

"आक्का, बादली मोकळी कर. मला परत न्यायचीय."

"हे गाडीचं पाणी हाय," ती हळूच म्हणाली.

"गाडीला लागत न्हाय."

"मग मागितलंस कशाला?"

मच्छिंद्रनं बादली कुंपणाशी सरकवली. शेजारच्या बाईनं, गजराबाईनं, मात्र वाट बघितली नाही. तिनं आपली घागर कुंपणाखालून सरकवली, बादली कलंडली. पाण्याचा आवाज झाला तशा सगळ्यांच्याच माना घराकडे वळल्या. घराकडून कुणी आलं नाही.

तिसरी, चौथी, पाचवी. मच्छिंद्र बादली उचलायचा, वळसा घालायचा, रिकामी घेऊन परत यायचा. मधल्या वेळात तो खरोखर गाडी धूत होता. टपानंतर काचा. काचांना साबण नाही, ओलं करून जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. मग दरवाजे वरून खाली, कारण माती खालीच जास्त असते आणि ती वर न्यायची नसते. साबणाचा चुरा अगदी चिमूटभर, फेस आला की पाणी दुप्पट लागतं. मडगार्डच्या आतली घट्ट माती त्यानं बोटानं भिजवून सोडवली. चाकं शेवटी, त्यांचं फडकंही वेगळं. हात सरावानं चालत होते. डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं. आपण चोरी करतोय का? कुणाची? पाणी तात्यारावांचं. पण गाडीसाठी तर त्यांनीच दिलं. मग गाडीचं झालं. गाडी संघाची. संघ कुणाचा, तर म्हणे सगळ्यांचा. सभासदांच्या सभेत साहेब हेच सांगायचे. त्या हिशोबानं पाणी आक्काचंच निघत होतं, पण मग ते लपवून का द्यायचं?

बाराव्या बादलीला दगडोबा थांबला. दोरानं त्याचे तळहात लाल झाले होते.

"डायवर," तो म्हणाला, "एवढं पाणी वतलं. चिखल कुठाय?"

मच्छिंद्रनं खाली पाहिलं. गाडीखालची जमीन दोन ठिकाणी जराशी काळी झाली होती, बाकी भुरकीच. बारा बादल्यांचं एक डबकं तरी दिसायला हवं होतं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"जमीन लई तापलीय," तो म्हणाला. "वढून घेती."

दगडोबानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं कुंपणाकडे पाहिलं. तिथं पाचातल्या तिघींनी भरलेल्या घागरी पदरानं झाकल्या होत्या. दगडोबानं तळहातांना माती चोळली आणि पोहरा पुन्हा सोडला.

एकोणिसाव्या बादलीसाठी पोहरा खाली गेला होता तेव्हा ओसरीवरून कस्तुराबाई आल्या. तात्यारावांच्या मंडळी. हातात पानाचं तबक, साहेबांचं जेवण झालं होतं. त्या गाडीभोवती फिरल्या. दाराच्या पत्र्यात वाकून आपलं तोंड पाहिलं, इतकं स्वच्छ दिसत होतं. मग चालत चालत पलीकडच्या बाजूला गेल्या.

तिथं बादली होती. तिच्यावर सरुबाईचा हात होता. शेवटी तिनंही घागर पुढं केली होती आणि नेमकं तेव्हाच.

मच्छिंद्रच्या हातातलं फडकं गळत राहिलं. नोकरी गेली, असं त्याला वाटलं. आईला काय सांगायचं, असं वाटलं. त्या पाठोपाठ एक अगदी निराळा विचार आला, की चाकाची एक बाजू पुसायची राहिली आहे.

कस्तुराबाईंनी बायकांकडे पाहिलं. घागरींकडे पाहिलं. कोरड्या जमिनीकडेही पाहिलं. मग त्या दगडोबाकडे वळून म्हणाल्या, "चाकं आजून मळकी दिसत्यात. पंचवीसच्या वर आजून पाच काढ."

चाकं मळकी नव्हती. तीन चाकं तर लख्ख होती.

जाता जाता त्या मच्छिंद्रपाशी थांबल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "आन बादली कट्ट्याला टेकवू नगंस. मघाशी टेकवलीस. खालीच धर."

"व्हय, बाईसाब," तो म्हणाला.

त्या गेल्या. मच्छिंद्र तिथंच उभा. त्यांना कळलं होतं हे तर उघड होतं. मग रागावल्या का नाहीत? आणि दया आली म्हणावी तर शेवटचं ते बोलणं कशाला? वरच्या पाच बादल्या आणि ते 'खालीच धर', दोन्ही एकाच बाईनं एकाच दमात दिलं होतं. त्यातलं काय घ्यायचं आणि काय परत करायचं, हे त्याला उमगेना. त्यानं राहिलेली चाकाची बाजू पुसली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आपल्याच तीन गाड्यांतून आले आणि तशाच पुढे तुळजापूरकडे गेले. हायवेवर उभ्या असलेल्या अँबॅसिडरकडे कुणी पाहिलंही नाही. तोवर तिच्यावर बोटभर धूळ पुन्हा बसली होती.

पंधरा दिवसांनी साहेबांचं चिंचखडीला परत काम निघालं. लिंबाखाली गाडी लावताना मच्छिंद्रला तिथं एक नवं पिंप दिसलं. वर फळकूट झाकलेलं, आत पाणी.

"तुझ्या गाडीचं हाय," दगडोबा म्हणाला. "बाईसाबानी सांगितलंय, रोज सकाळी पंचवीस बादल्या काढून भरून ठिवायच्या. संघाची गाडी कवा बी यील. दिस मावळंपत्तोर आली न्हाय, तर वस्तीवाल्यांना वतायचं. त्यांच्यासाठी निराळं काढायचं न्हाय."

"रोज?"

"रोज. आज तू आलास."

कुंपणाशी चार बायका बसल्या होत्या. गजराबाई होती. तिनं मच्छिंद्रला पाहिलं आणि मान फिरवली. आज गाडी आली होती, म्हणजे आज पाणी नव्हतं. हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा तो दगडोबाला म्हणाला, "मला दीड बादली बास. बाकीचं ह्यांना वता. आत्ताच."

"बाईसाबाला इचारावं लागंल."

"मग इचारा."

दगडोबा घराकडे निघाला. मच्छिंद्रनं विचारलं, "आक्का कुठाय माझी?"

"ती येत न्हाय. त्या दिसापासनंच येत न्हाय. वढ्याला जाती."

ओढा गावापासून अर्ध्या कोसावर होता. मच्छिंद्र गाडी तशीच धुळीत सोडून निघाला. पात्रात सगळी वाळूच होती आणि मधोमध कंबरभर खोल एक झिरा खणलेला. सरुबाई त्यात उतरून बसली होती. वाटीनं पाणी काढायचं, पदरातून गाळायचं, घागरीत सोडायचं. चार वाट्या झाल्या की थांबायचं. पाणी पुन्हा पाझरून जमेपर्यंत बसून राहायचं.

"आक्का, एवढ्या लांब कशाला येतीस? तितं पिंप भरल्यालं असतंय."

"गाडी आली तर न्हाय, न्हाय आली तर हाय," ती म्हणाली. "रोज दिसभर रस्त्याकडं बघत बसायचं. आन मनात काय म्हणायचं? माझा भाऊ येऊ नये म्हणायचं?"

तो वाळूवर बसला. मग म्हणाला, "म्हंजी त्या दिवशी माझं चुकलं."

"चुकलं कुठं म्हणते मी? त्या दिशी पाची घरं पोटभर पाणी पिली."

"मग बरोबर केलं?"

सरुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "हात घालू नगंस," ती एवढंच म्हणाली, कारण तो वाटी घ्यायला वाकला होता. "गढूळ व्हतंय. बसू दे."

तो हात मागे घेऊन बसून राहिला. झिऱ्यात पाणी केसाकेसानं चढत होतं. गावाकडून हॉर्न ऐकू आला, लांबलचक. साहेबांचं काम आटोपलं होतं. सरुबाईनं वाटी बुडवली, गाळली, ओतली. पुन्हा बुडवली. घागर गळ्यापर्यंत आली तेव्हा हॉर्न तिसऱ्यांदा वाजत होता.

"जा, तुला बोलवायलेत," ती म्हणाली.

मच्छिंद्रनं घागर दोन्ही हातांनी उचलली. जड होती. बहिणीच्या चुंबळीवर त्यानं ती अलगद टेकवली, नीट बसली का ते पाहिलं आणि हात सोडले. ती वळली आणि वाळूतून वस्तीच्या वाटेला लागली. मान ताठ, पावलं सावकाश. ती वळणापलीकडे जाईपर्यंत तो झिऱ्याच्या काठावर उभा होता. पाण्याचा एक थेंबही वाटेत सांडला नाही.