मागच्या खोलीचं कुलूप

सिलिंडर आला त्या दिवशी मी हळदकुंकू अन् निरांजन घेऊन उभी राहिली, तर आमचे हे असे ओरडले की सिलिंडर आणणारा माणूसच दोन पावलं मागं सरला.

"दिवा आण अजून! सगळं घर उडवून टाक!"

आता भिलाईत नवीन मशीन घरात आली अन् तिची पूजा झाली नाही, असं होते काय? इथं विश्वकर्मापूजेले लोक मिक्सरलेही हार घालतात. शेवटी ना दिवा, ना उदबत्ती. कुंकवाचं एक बोट लावलं अन् नारळ बाहेर अंगणात फोडला.

सिलिंडर ऑक्सिजनचा होता, अन् होता माह्या पोरासाठी, अनिमेषसाठी. त्याले डोकेदुखी आहे. डोकेदुखी म्हटलं की लोक सांगतात बाम लावा, चष्मा तपासा. मले असा राग येते ना! अरे, एका डोळ्याच्या मागं तापलेली सळाख खुपसावी तसं दुखते त्याले. डोळा लाल होते, पाणी गळत राहते, अन् एवढा बाप्या माणूस भिंतीवर डोस्कं आपटून घेते. तासभर हेच. दिवाळीच्या आधी सुरू झालं, तवापासून रोज दुपारी चहाच्या वेळेले येते. प्लांटात क्रेन चालवते तो, अशात कोण त्याले क्रेनवर चढू देईल? घरीच बसून आहे. एक दिवस मले म्हणाला, "मम्मी, अब नहीं होता. किसी दिन कुछ कर लूँगा." दुखाले लागलं की तो हिंदीतच बोलते. त्या दिवसापासून मी त्याले एकटं सोडलं नाही.

रायपूरच्या डॉक्टरबाईनं साफ सांगितलं होतं, ह्या दुखण्यावर ऑक्सिजन हेच औषध. दुखणं सुरू झालं की लगेच पिशवीवाला मास्क लावायचा, ऑक्सिजन बारा लिटरवर ठेवायचा, अन् चुपचाप बसून पंधरा-वीस मिनिटं घ्यायचा. उशीर केला तर उपयोग नाही. मी तिथंच बसली होती, कान उघडे ठेवून.

पण आमचे हे, धनंजयराव, प्लांटच्या सेफ्टीतून रिटायर झालेले. त्याईच्या डोळ्यासमोर एका सोबत्याच्या कपड्यात ऑक्सिजन भरला होता अन् नुसती ठिणगी पडून तो पेटला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पिते, तसं झालं त्याईचं. मागची खोली रिकामी केली. रॉकेलचा डबा बाहेर, तेलाच्या बाटल्या बाहेर, जुन्या गोदड्या बाहेर. सिलिंडर उभा करून साखळीनं खिडकीच्या गजाले बांधला. एवढं बरोबरच होतं, मी कुठं नाही म्हणते? पण मग खोलीले कुलूप घातलं अन् चाबी आपल्या खिशात टाकली.

"कावून?" मी म्हटलं.

"माह्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

प्लांटात तशीच रीत आहे. कोणी मशीनच्या आत काम कराले गेला की तिचा स्विच बंद करून आपलं कुलूप घालते, चाबी आपल्यापाशीच ठेवते. त्याच्याशिवाय ते कुलूप कोणी काढत नाही, कारण आत माणूस असते. फार चांगली रीत आहे. पण प्लांटातली!

दुसऱ्या दिवशी दुखणं आलं. ह्याईनं आधी हाताले तेल नको म्हणून साबणानं हात धुतले. मग खिडक्या उघडल्या. मग मले दूर उभं केलं. मग बाजूले तोंड करून हळूहळू वॉल्व्ह उघडला. तवर पोरगा जमिनीवर लोळून राहिला होता. अन् ऑक्सिजन मोजाच्या काचेच्या नळीतली गोळी चढवली किती? चारवर!

"अहो, बारा सांगितलं आहे!"

"तुले काय समजते? कोविडमध्ये चारवर माणसं वाचली."

त्या माणसाईचं फुफ्फुसाचं दुखणं वेगळं, ह्याचं वेगळं. पण ऐकते कोण! तासभर तडफडला अनिमेष. शेवटी मास्क काढून फेकला अन् म्हणाला, "कुछ नहीं होता इससे. वापस कर दो." पुढचे दोन दिवसही तेच. आता तो बापाशी बोलेना, अन् माह्याकडं अशा नजरेनं पाहे की मले रडू येई.

मग एक दिवस हे कलेक्टोरेटच्या कामासाठी दुर्गले गेले. चाबी अर्थातच खिशात. मी मेथी निवडत बसली होती अन् पोरगा दारातच खाली बसला, डोळ्यावर तळहात दाबून. मी मागं धावली. कुलूप! फोन लावला.

"सुपेल्याच्या चौकात अडकलो आहो," हे म्हणाले, "जाम लागला आहे. येतोच."

"तवर काय करू?"

"कुलूप तोडू नको, सुशीला. दुसऱ्याच्या कुलपाले हात लावत नसतात."

मी फोन ठेवून देला. ज्याचं जळते त्यालेच कळते. पाट्यावरचा वरवंटा उचलला अन् कडीवर हाणला. पहिला घाव बोटावरच बसला. पण मग कोयंडाच चौकटीतून उपटून आला, कुलूप तसंच लटकत राहिलं. वरवंटा बाहेर टाकला, हात धुतले, अनिमेषले धरून आत आणलं. आमचे हे उघडत तसाच हळूहळू वॉल्व्ह उघडला. गोळी बारावर नेली, पिशवी फुगू देली, अन् मास्क त्याच्या तोंडावर घट्ट बसवला.

तो पुढं वाकून श्वास घेत राहिला. आधी डुलणं थांबलं. मग मूठ सुटली. मी देवाचं नाव घेत होती, कोणत्या देवाचं तेही आठवत नाही. थोड्या वेळानं त्यानं मास्क जरा उचलला.

"मम्मी," म्हणाला, मराठीत, "उतरून राहिलं."

बाप्पा, किती रडली मी त्या खोलीत!

हे आले तवा अनिमेष ओट्यावर बसून पोहे खाऊन राहिला होता. ह्याईनं उपटलेला कोयंडा पाहिला अन् चेहरा लाल झाला.

"माहं कुलूप तोडलं तू?"

"कुलूप तुमचं होतं," मी म्हटलं, "डोस्कं माह्या पोराचं होतं."

त्याईनं पोराकडं पाहिलं. त्या वेळेले पोरगा बसून खाऊन राहिला आहे, हे त्याईनं लय दिवसांत पाहिलं नव्हतं.

"कितीवर ठेवला होता?"

"बारावर."

हे तिथंच पायरीवर बसले, चपला पायातच.

दुसऱ्या दिवशी दुखणं आलं तवा वॉल्व्ह त्याईनंच उघडला. गोळी चारपाशी आली अन् हात थांबला. मी तोंड उघडणार, तर पुन्हा फिरवला अन् बारावर नेला. कपाळावर घाम फुटला होता.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा," मास्कच्या आतून अनिमेष म्हणाला, "तुमाले भीती वाटते."

"हाव, वाटते," हे म्हणाले. अन् त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसून राहिले.