अक्रियाशील सभासद एडमंड ट्रॉट

टिन ऑब्झर्व्हेटरी हा इंग्लंडातला बँड सत्तर सालाच्या आसपास जन्मला, दहा-बारा वर्षं वाजला आणि मग तिकडचे लोक त्याला विसरून गेले. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मात्र विसरले नाहीत. म्हणजे दोन्ही तालुके मिळून पाच माणसं विसरली नाहीत. पण पाच माणसं जमली की आपल्याकडं संस्था होते, आणि संस्था झाली की तालुक्याच्या नावानंच बोलायचं असतं.

ह्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ह्यात एक गाणं सुरू झालं की गोठ्यातल्या सगळ्या गाईंची धार काढून होते आणि तरी ऑर्गनवाला थांबलेला नसतो. हे गोठ्याचं माप राजलक्ष्मीनं काढलं होतं. ती वडगाव निंबाळकरची. इंग्रजीत एम.ए. झाली होती आणि रोज सकाळी वडिलांच्या पिकअपमधून दुधाचे कॅन पोचवत होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडायचा नाद तिनं सोडून दिला होता.

रसिक मंडळाचा चेअरमन विजयसिंह, इंदापूरकडचा, गिटार वाजवायचा. त्याचे वडील साखर कारखान्याचे माजी संचालक. त्यांच्या घरात तिघं चहाला बसले तरी एक चेअरमन होतो, एक व्हाईस चेअरमन होतो आणि तिसरा रागानं उठून वेगळं पॅनेल काढतो. सेक्रेटरी केयूर हा बारामतीत दातांचा डॉक्टर होता आणि ऑर्गन वाजवायचा. अविराज गायचा, त्याचा चुलतभाऊ ड्रम बडवायचा. राजलक्ष्मी काहीच वाजवत नव्हती. तिनं फक्त बँडची गाणी मराठीत आणली होती, म्हणजे अविराजनं तोंड उघडल्यावर जे बाहेर यायचं ते सगळं तिचं होतं. शिवाय सामान न्यायला पिकअपही तिचीच.

दर रविवारी केयूरच्या दवाखान्यात, कवळ्यांच्या कपाटाखाली बसून चर्चा चालायची. कुठल्या अल्बमपासून बँड बिघडला, कोण कुणामुळं बाहेर पडला. ऑर्गनवाला ह्यूगो थ्वेट ह्याला सगळे तात्या म्हणत, ड्रमवाल्याला आबा. फोटोत त्यांचं वय पंचविशीचं होतं, पण दाढ्या होत्या, आणि मान दाढीला असतो. गाण्यांच्या अर्थावरून तर हातघाईवर यायचे. सगळ्यात मोठ्या गाण्याची पहिली ओळ राजलक्ष्मीनं अशी आणली होती : पत्र्याच्या आभाळाला आम्ही खिळ्यांनी चांदण्या ठोकल्या. केयूरच्या मते ह्यात औद्योगिकीकरण होतं. विजयसिंहाच्या मते ड्रग्ज होते. त्याला न कळलेल्या प्रत्येक ओळीत त्याच्या मते ड्रग्जच असायचे.

राजलक्ष्मीनं एकदा दोघांना भर दुपारी आपल्या गोठ्यात नेऊन उताणं झोपवलं होतं. पत्र्यातून जिथं जिथं खिळे निसटले होते तिथून ऊन आत येत होतं.

"चांदणी म्हंजे भोक," ती म्हणाली होती. "उद्या हितनंच पाणी गळणार हाय. त्यांना म्हाईत हाय, आन तरी ठोकल्यात."

दोघं भोकं मोजत पडून राहिले. मग गाय हंबरली आणि विषय बदलला. पुढच्या रविवारी केयूर पुन्हा औद्योगिकीकरणावर आला.

ह्या ओळी लिहिणारा माणूस म्हणजे एडमंड ट्रॉट. पहिल्या अल्बमच्या वेष्टणावर सहा जण एका पत्र्याच्या शेडवर उभे आहेत. पाचांच्या नावापुढं वाद्यं. सहाव्याच्या, म्हणजे बारक्या अंगाच्या एडमंडच्या नावापुढं लिहिलंय : शब्द, आणि टेम्पो. मूळ इंग्रजीत व्हॅन आहे, पण मंडळात सगळे टेम्पोच म्हणत. तो गाणी लिहायचा आणि सामान पोचवायचा. तिसऱ्या अल्बमनंतर बाकीच्या पाचांनी बैठक घेऊन त्याला विचारलं की तू काही वाजवत नाहीस, तर तू नसलास तर चालेल का. एडमंड बरं म्हणाला आणि चालत घरी गेला, कारण टेम्पो बँडचा होता. पुढं ड्रमवाल्या आबानं गाणी लिहायला घेतली. त्यात 'ओ बेबी' ह्यापलीकडं मजकूर सापडत नाही. म्हातारपणी एका मुलाखतीत कुणीतरी एडमंडला ह्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, मला विचारलं होतं, मी हो म्हणालो.

ही मुलाखत वाचून राजलक्ष्मी दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. वडिलांना वाटलं, एखादं स्थळ नाकारलं असेल.

तर ह्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. इंदापूरला पहिला जाहीर कार्यक्रम ठरला होता, म्हणून विषयपत्रिका लांब होती. आपल्याकडच्या सभांची एक रीत आहे. व्यासपीठावरून विषय वाचायला सुरुवात झाली की समोरून 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. विषय पुरा ऐकणं हे विरोधकाचं लक्षण. राजलक्ष्मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून कारखान्याच्या सभांना गेलेली. 'आई'नंतर तिला आलेला दुसरा शब्द 'मंजूर' होता, असं घरी सांगतात. त्या रविवारी ती भेळ खात होती. केयूरनं विषय क्रमांक चार वाचायला घेतला. "ज्या सभासदांनी सलग," एवढं तो म्हणाला आणि सगळे मंजूर म्हणाले. तिनंही भेळेचा बकाणा गालात सरकवला आणि मंजूर म्हणून टाकलं. पुढं केयूर काय पुटपुटला ते कुणीच ऐकलं नाही. चहा आला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तिनं दवाखान्यासमोर पिकअप लावली. ऑर्गन, स्पीकर, ड्रम सगळं दोरीनं आवळलं आणि केयूरला शेजारी घेऊन ती इंदापूरला निघाली. बाकीचे पुढं गेले होते. निमगाव केतकीच्या चौकात कार्यक्रमाचा फ्लेक्स लागला होता. तिनं गाडी बाजूला घेतली. फ्लेक्सवर आपण कसे दिसतो हे बघायला माणूस थांबतोच, तीही थांबली.

वर ढगांमध्ये इंग्लंडचे पाच जण होते. खाली विजयसिंह गॉगल लावून फोन कानाला धरून उभा होता. केयूर हात जोडून, अविराज, चुलतभाऊ. त्याखाली शुभेच्छुक : एक मटण खानावळवाले, एक ठिबकच्या नळ्यांचे डीलर, आणि ज्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं असे बरेच जण, सगळे फोटोसकट. मधोमध भगव्या अक्षरांत लिहिलं होतं : पत्र्याच्या आभाळाला आम्ही खिळ्यांनी चांदण्या ठोकल्या.

राजलक्ष्मी कुठंच नव्हती. तिनं ठिबकवाल्यांच्या मागंही बघितलं.

मग तिला वर एक गोष्ट दिसली. फोटो तोच होता, शेडवरचा. फ्लेक्सवाल्यानं सहावा माणूस कापून काढला होता, पण एडमंडनं ड्रमवाल्याच्या खांद्यावर ठेवलेला हात कापायचा राहून गेला होता. आबाच्या खांद्यावर एक हात तसाच होता. कुणाचाच नसलेला.

तिनं केयूरला विचारलं, हे काय. केयूर म्हणाला की ठरावाप्रमाणं झालंय. ज्या सभासदांनी सलग तीन अल्बम किंवा सलग तीन बैठकांत काहीच वाजवलं किंवा गायलं नाही ते अक्रियाशील समजावेत, आणि अक्रियाशील सभासदाचं नाव व फोटो कुठंही छापू नये. कारखान्याला जो सभासद ऊस घालत नाही त्याचं मत जातं, तसंच. विजयसिंहाच्या वडिलांनीच मसुदा बघून दिला होता.

"कुणी केला ठराव?"

"एकमतानं झाला," केयूर म्हणाला आणि त्यानं मोबाईल काढला. सेक्रेटरी म्हणून तो सभा रेकॉर्ड करायचा. त्यात त्याचा आवाज होता, "ज्या सभासदांनी सलग," आणि त्यावर आलेला गजर. त्या गजरात सगळ्यात वरचा, खणखणीत, किंचित भेळ भरलेला आवाज तिचा होता.

तिची कानशिलं तापली. एडमंडनं निदान प्रश्न पुरा ऐकून घेतला होता.

"एडमंडला कशापायी काढला?"

"अगं, तो ड्रायव्हर होता. शब्द काय, नंतर आबानंही लिहिलेच की."

"ओ बेबी लिहिलं त्येनं." तिनं स्टेअरिंग घट्ट धरलं. "आन ड्रायव्हर तर मीबी हाय मग."

"तेच म्हणतोय ना मी," केयूर मनापासून म्हणाला. त्याला वाटलं, तिला पटलं.

तिनं गाडी सुरू केली. रागात माणूस गाडी दामटतो. राजलक्ष्मीनं निमगाव ते इंदापूर प्रत्येक गतिरोधकावर गाडी अलगद चढवली आणि अलगद उतरवली, कारण मागं ऑर्गन होता आणि त्याच्या पट्ट्या नाजूक होत्या. आपण एवढ्या संतापातही ह्यांचा ऑर्गन जपतोय, ह्याचा तिला आणखी संताप आला, आणि पुढचा गतिरोधक तिनं त्याहून हळू घेतला. मागून उसाचा ट्रॅक्टर पुढं निघून गेला.

इंदापूरला मंगल कार्यालयाचं पटांगण ऊन उतरायच्या आतच भरलं होतं. विजयसिंहाच्या वडिलांनी निरोप धाडला होता आणि शेवटी जेवण होतं. कारखान्याचे टोपीवाले सभासद पुढच्या खुर्च्यांवर, बायका एका अंगाला. स्टेजच्या मागं तोच फ्लेक्स, चौकातल्याहून दुप्पट. विजयसिंह गिटारच्या तारा पिळत होता. त्यानं तिला बघून सांगितलं की ताई, सामान लावून झालं की खाली बस, जेवून जा, आणि तेवढा माईक बघ चालतोय का.

राजलक्ष्मी माईकपाशी गेली. त्यावर टिचकी मारली. समोरची सगळी तोंडं तिच्याकडं वळली, आणि ती तोंडं तिच्या ओळखीची होती. नावानिशी नाही. सभेतली तोंडं होती.

"सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो," ती म्हणाली. "विषय क्रमांक एक."

"मंजूर," मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं.

"ज्या वादकांना, आपण गातो त्या गाण्याच्या पहिल्या ओळीचा अर्थ सांगता येत न्हाय..."

"मंजूर, मंजूर," अख्खं पटांगण म्हणालं. पाठीमागून, अगदी जवळून, आणखी एक भरदार 'मंजूर' आला. तो विजयसिंहाचा होता. तार पिळता पिळता निघून गेला होता.

"...असे वादक आजपासून अक्रियाशील समजावेत, आन त्यांनी स्टेज सोडावं," राजलक्ष्मीनं पुरं केलं. "ठराव एकमतानं पास झाला हाय. सूचक मी. अनुमोदक विजयसिंह."

केयूर धावत आला. हा काय पोरखेळ आहे, असं तो म्हणाला, ही काही सभा नाही, हा कार्यक्रम आहे. पण विजयसिंहाचा चेहरा उतरला होता. त्यानं अविराजला विचारलं, पहिल्या ओळीचा अर्थ काय. अविराज म्हणाला, मी फक्त गातो. चुलतभावानं विचारलं, कुठलं गाणं. विजयसिंह स्वतः ड्रग्ज म्हणणार होता, पण समोर वडील बसले होते.

"डॉक्टर, चला खाली," तो केयूरला म्हणाला. "आमच्या घरात झालेला ठराव मोडत न्हायत. ठराव चुकीचा असला तर कोर्टात जात्यात, पन मोडत न्हायत."

त्यानं गिटार पायाशी ठेवली, उतरला आणि वडिलांशेजारी हाताची घडी घालून बसला. वडिलांनी त्याच्याकडं न बघता मान डोलावली. मागोमाग तिघं उतरले. स्टेजवर वाद्यं उरली आणि राजलक्ष्मी उरली.

तिनं ते मोठं गाणं म्हणायला घेतलं. चाल तिला येत नव्हती, म्हणून नुसते शब्द. पत्र्याच्या आभाळापासून सुरुवात केली. ह्या गाण्यात अर्धा तास वाजतं, पण ओळी म्हटल्या तर दोन मुठींत मावतील एवढ्याच. आठ ओळी झाल्या आणि ती थांबली, कारण आठ ओळींनंतर तात्याचा ऑर्गन असतो. गाय पिळून होईल एवढा. ऑर्गन नव्हता, पण जागा त्याची होती आणि ती खाणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. ती गप्प उभी राहिली. लोकही गप्प बसले. जेवणाआधी श्रद्धांजलीला उभं करतात, तसलंच काही असावं असं समजून दोन-तीन टोपीवाले उभे राहिले.

केयूर त्या शांततेत खुर्चीवर चुळबुळत होता. मांडीवर त्याची बोटं चालत होती. सोलो कुठवर आला हे त्या बोटांवरून कळत होतं. अर्ध्यावर त्याला राहवेना. तो स्टेजच्या कडेला येऊन हळू आवाजात म्हणाला, "राजलक्ष्मी, तेवढा मला वाजवू दे."

"पयल्या ओळीचा अर्थ?"

केयूरनं तोंड उघडलं. औद्योगिकीकरण ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. मग ते परत आत गेलं.

"तू गोठ्यात सांगितला होतास," तो म्हणाला. "मी विसरलो."

"अर्ज दे," राजलक्ष्मी म्हणाली. "पुढच्या सभंत ठेवू."

तो परत जाऊन बसला. सोलो चालू राहिला, म्हणजे काहीच चालू नव्हतं. सोलो संपत आला तशी ती माईकच्या डाव्या बाजूला सरकली, आणि विजयसिंहानं खालून सहज फोटोसाठी मोबाईल वर धरला. तो तसाच थांबला. त्यानं हातानं खूण केली, ताई, मागं बघ.

तिनं वळून बघितलं. फ्लेक्सवरचा एडमंडचा तो मोकळा हात, खालून बघणाऱ्याला, आता बरोबर तिच्या खांद्यावर आला होता.

तिनं त्या हाताकडं नीट बघून घेतलं. बारका, नखं कुरतडलेली. विचारल्यावर बरं म्हणून चालत घरी गेलेल्या माणसाचा हात. ती त्याच्यापासून फूटभर बाजूला झाली, माईक ओढून घेतला आणि नवव्या ओळीला लागली.